गटात पाच, जागरण एकीचं

सत्र संपत आलं की या स्तंभाच्या टपालाचा रंग पालटतो. एरवी नोकरी आणि प्रवेशाबद्दल विचारणारी मंडळी एकदम गटप्रकल्पाच्या तक्रारी घेऊन येतात. या वेळी त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. मी स्वतः आधी दोघी मैत्रिणींबरोबर स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा उद्योग काढून बुडवला आणि मग सव्वीस वर्षं विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासले. तेव्हा उत्तरांत दोन्हीकडचा अनुभव येणार, आणि थोडा पक्षपातही.

प्रश्न : मॅडम, ‘उद्योजकता विकास’ या विषयासाठी आमचा पाच जणांचा गट आहे. लोकांशी मी बोलले, नमुना मी बनवला, अहवालही मीच लिहितेय. बाकीचे चौघे ग्रुपवर फक्त अंगठे पाठवतात. गुण मात्र पाचही जणांना सारखेच मिळणार. मी उद्योजकता शिकतेय की हमाली?
– गटातली पाचवी

उत्तर : तुझा मेल रात्री पावणेतीनला आलेला आहे, त्यावरूनच अर्धी कथा कळली.

आधी तुझ्या बाजूने बोलते. माक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. ते काम १९१३ मध्ये छापून आलं. एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याला ९३ येतो, चौघांत ७७ आणि आठ जणांत जेमतेम ४९. तुझ्या गटाएवढ्या, म्हणजे पाच जणांत ७०. यातली काही घट निव्वळ ताळमेळ न जमल्यामुळे होते, कारण सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. पण १९७४ मध्ये काही संशोधकांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि ‘तुमच्या मागे आणखी माणसं ओढताहेत’ असं भासवलं. मागे कुणी ओढतच नव्हतं. तरी त्यांनी जोर कमी लावला! पुढे टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांतही हेच दिसलं. आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर मात्र माणसं पुन्हा घसा मोकळा करून ओरडू लागली.

म्हणजे तुझे चौघे जन्मजात आयतोबा असतीलच असं नाही. त्यांचा आवाज कुणी वेगळा मोजत नाहीये, एवढं नक्की. मार्गदर्शकांना आजच भेट आणि ‘सदस्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करायचं, त्यालाही काही गुण’ अशी सोय करता येईल का, ते विचार. तक्रार म्हणून जाऊ नकोस, सूचना म्हणून जा. निकाल लागल्यावर रडण्यात अर्थ नसतो, तेव्हा गुणपत्रिका छापून झालेली असते.

आता तुझ्याकडे वळते. आमच्या छपाईच्या उद्योगात खर्चाचा तक्ता एका मैत्रिणीकडे होता. तिने तो करून आणला. आकडे बरोबर होते, पण दशांश चिन्हं एकाखाली एक येत नव्हती, एक रकाना पेन्सिलीने आखलेला होता आणि दुसरा पेनाने. मी काही बोलले नाही. घरी नेला आणि रात्री बसून सगळा तक्ता नव्याने आखला. दुसऱ्या दिवशी तिने पाहिला आणि म्हणाली, ‘हां, छान झालाय.’ त्यानंतर तिने एकही तक्ता केला नाही. पुढची दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत राहिले की ही काम करत नाही.

तू कुणाच्या स्लाइड रात्रीत बदलल्या आहेस का, हे तुझं तुलाच माहीत. बदलल्या असशील तर उरलेल्या आठवड्यांत एक काम असं काढ की जे तुझ्याशिवाय कुणाला तरी करावंच लागेल. उदाहरणार्थ, नमुना घेऊन सहा वापरकर्त्यांना भेटणं. कामापुढे त्या व्यक्तीचं नाव लिही, तारीख लिही आणि ‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं, तेही लिही. मग त्याला हात लावू नकोस. ते वाईट होईल. होऊ दे. उद्या माणसं हाताखाली घेशील तेव्हा दुसऱ्याचं बेताचं काम डोळ्यांसमोर बघत बसण्याची सवय असावीच लागेल, आणि ती पुस्तकातून लागत नाही.

प्रश्न : मी तीन वर्षांपूर्वी शिकवायला लागलो. ‘नवोपक्रम आणि उद्योजकता’ हा विषय माझ्याकडे आहे. साठ विद्यार्थी, बारा गट. दरवर्षी त्यातले सात-आठ गट ॲप बनवतात, खरं तर ॲपची चित्रं बनवतात. शेवटच्या दिवशी स्लाइड, टाळ्या आणि गुण. नवीन विचार करायला शिकवता येतं का, की ते उपजतच असावं लागतं?
– अर्धा निराश शिक्षक

उत्तर : अर्धेच निराश आहात, मग ठीक आहे.

माझ्या स्वतःच्या प्रकल्पापासून सुरुवात करते. अंतिम वर्षाला आम्ही चौघींनी वृद्धांसाठी गोळ्यांची डबी बनवली होती. सात वारांचे सात कप्पे, वेळ झाली की घंटी वाजणार, लाल दिवा लागणार. आतलं सर्किट आम्ही स्वतः जोडलं होतं आणि त्याचा आम्हाला भारी अभिमान. सादरीकरणाला परीक्षकांत एक सत्तरी ओलांडलेले निवृत्त गृहस्थ होते. घंटी वाजली, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांनी डबी हातात घेतली, दोन्ही अंगठे झाकणाच्या कडेला टेकवले आणि दाबलं. मग डबी फिरवून दुसऱ्या बाजूने दाबलं. मग नखाने कड उचलून पाहिली. शेवटी डबी अलगद टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘वाजते छान.’

झाकण घट्ट होतं, कारण पिशवीत गोळ्या सांडू नयेत असं आम्हीच ठरवलं होतं. आम्हा चौघींच्या घरांत मिळून पाच वृद्ध माणसं होती. एकाच्याही हातात आम्ही ती डबी दिली नव्हती. आणि आम्हाला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. त्या गुणांचा राग मला डबीपेक्षा जास्त आहे. झाकण उघडत नाही हे कळल्यावर आम्ही काय केलं असतं, ते कुणी तपासलंच नाही. तिथे खरी परीक्षा सुरू होणार होती आणि तिथेच घंटा झाली.

तुमच्या बारा गटांचं दुखणं मला तेच दिसतं. गट ‘विषय’ घेतात. विषय घेतला की तो वाटून टाकता येतो : प्रस्तावना एकीला, बाजारपेठ दुसऱ्याला, चित्रं तिसऱ्याला, निष्कर्ष जो उशिरा येईल त्याला. मग पाच जणांचे पाच निबंध एका पिनेने टाचले जातात. त्याऐवजी गटाला एक माणूस आणि त्याची अडचण द्या. अडचण वाटून घेता येत नाही.

२००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एका अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या गटाला काम मिळालं : नवजात बाळांसाठी खूप स्वस्त इनक्युबेटर तयार करा. वर्गात बसून राहिले असते तर त्यांनी महाग यंत्राचे भाग काढून काढून एक स्वस्त यंत्र उभं केलं असतं आणि त्यांनाही टाळ्या मिळाल्या असत्या. पण गटातला एक जण नेपाळला गेला. तिथल्या रुग्णालयात त्याला इनक्युबेटर दिसले, रिकामे. बाळं जन्मत होती दूरच्या खेड्यांत, जिथे विजेचा भरवसा नव्हता, आणि रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. तेव्हा स्वस्त यंत्राचा प्रश्न बाजूला पडला. वीज नसताना बाळ ऊबदार कसं ठेवायचं, हा नवा प्रश्न आला. त्यातून झोपायच्या पिशवीसारखं एक आवरण तयार झालं. त्यात मेणासारखा पदार्थ भरलेली थैली असते, ती एकदा गरम केली की काही तास शरीराच्या तापमानाएवढी ऊब धरून ठेवते. पुढे ‘एम्ब्रेस’ या नावाने ते प्रत्यक्षात आलं. सगळ्यांना विमानाने पाठवता येणार नाही, मान्य आहे. आम्हाला तर फक्त घरातल्या आजीपर्यंत जायचं होतं, तेही आम्ही गेलो नाही.

विद्यार्थी बाहेर जातात तेव्हा विचारतात काय, तेही एकदा ऐका. ‘आम्ही असं ॲप काढलं तर वापराल का?’ यावर जग हो म्हणतं. समोर कोवळी पोरं वही घेऊन उभी असताना नाही म्हणायला मन दगडाचं लागतं. मी हा प्रश्न वर्गात बंद केला होता. त्याऐवजी : ‘गेल्या वेळी ही अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत?’ आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचं, स्वतःच्या सुधारलेल्या भाषेत नाही. माणसाने अडचणीवर आजवर काहीच केलेलं नसेल, साधी दोरीसुद्धा बांधलेली नसेल, तर ती अडचण त्याला फारशी टोचत नाही, असं खुशाल समजावं.

कल्पना काढायच्या तासाला मुलांना गोल बसवून ‘सुचेल ते बोला’ म्हणत असाल तर तेही थोडं थांबवा. १९५८ मध्ये येल विद्यापीठात चार-चार जणांचे गट बसवून त्यांच्या कल्पना मोजल्या, आणि दुसरीकडे चार माणसांना वेगवेगळं बसवून त्यांच्या याद्या नंतर एकत्र केल्या. वेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना जवळपास दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये याचं एक साधं कारण पुढे आलं : एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता डोक्यातलं निसटतं किंवा आपलं आपल्यालाच फालतू वाटू लागतं. म्हणून आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून कागदावर लिहायचं आणि मग कागद मध्ये ठेवून भांडायचं. भांडण्यासाठी गट लागतोच, तो मोडू नका.

आणि गुण. मी शेवटच्या काही वर्षांत शंभरातले ४० गुण ‘निर्णयवही’ला ठेवले होते. दर आठवड्याला तीन ओळी : आम्हाला काय वाटत होतं, कुणाला विचारून किंवा काय करून पाहिलं, आणि मग काय बदललं. नमुन्याला २५, सदस्यांच्या परस्पर मूल्यमापनाला २०, सादरीकरणाला उरलेले १५. पहिल्या वर्षी या योजनेचा पार बोजवारा उडाला. एका गटाच्या बारा आठवड्यांच्या नोंदी मी उघडल्या, तर सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच हातच्या. सातव्या आठवड्यात शाई संपत आलेली आणि आठव्यापासून पेन काळं. आदल्या रात्री बसून पोरांनी बारा आठवड्यांचं मतपरिवर्तन उरकलं होतं. पुढच्या वर्षीपासून दर शुक्रवारी वहीवर माझी सही आणि तारीख. सही करताना मी एकच प्रश्न विचारायची, ‘या आठवड्यात काय फेकून दिलंत?’ सलग तीन आठवडे ‘काही नाही’ असं उत्तर आलं की तो गट माझ्या खोलीत.

साठ जणांच्या वर्गात हे जड जाईल. बारा वह्या, प्रत्येकी पाच मिनिटं, शुक्रवारचा एक तास गेलाच. पण शेवटच्या दिवसाच्या बारा सादरीकरणांत तुमचा अख्खा दिवस जातो आणि त्यातून कळत काहीच नाही. ती पाच-पाच मिनिटांची करा.

उपजत असतं का, तर धाडस थोडं असेल, बोलण्याची ढब थोडी असेल. विचारायला जाणं, ऐकून घेणं, केलेलं मोडणं आणि पुन्हा करणं मात्र शिकवता येतं. मी शिकवलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या गटाच्या प्रकल्पाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. आता चौघे कंपनी काढायची म्हणताहेत, आणि हा शिक्षण सोडायचं म्हणतोय. घरात रोज वाद. अडवावं की सोडावं?
– एक वडील

उत्तर : पारितोषिक परीक्षक देतात, आणि परीक्षक काही विकत घेत नाहीत. चिरंजीवांना आज एवढंच विचारा की पैसे मोजून घेणारी पहिली तीन माणसं कोण? नावं सांगता आली तर तुम्ही दोन पावलं मागे या. नाही आली, तर ती शोधायला महाविद्यालय सोडावं लागत नाही.

एक गोष्ट तुमच्या धीरासाठी सांगते. नेदरलँड्समध्ये एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी गटाने खरीखुरी छोटी कंपनी चालवायची, असा कार्यक्रम होता. त्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कौशल्यांवर फारसा परिणाम दिसला नाही, आणि उद्योजक होण्याची इच्छा तर घटली. यावर काहींनी असे कार्यक्रमच फोल ठरवले. मला तसं वाटत नाही. वर्षभर हिशेब, उधारी आणि भागीदारांची तोंडं बघितल्यावर ‘हे माझं काम नव्हे’ असं विसाव्या वर्षी कळणं फायद्याचं आहे. मला ते बऱ्याच उशिरा कळलं. तुमच्या मुलाला अजून दोन सत्रं आहेत, कळू द्या.

सारस सरस्वती या अभ्यासक बाईंनी मुरलेल्या उद्योजकांच्या विचार करण्याच्या पद्धतीवर २००१ पासून बरंच लिहिलं आहे. त्यांचं एक निरीक्षण तुमच्या घरी उपयोगी पडेल : ही मंडळी ‘किती मिळेल’ याआधी ‘किती गेलं तर चालेल’ हे ठरवतात. तुम्ही दोघं बसून ते कागदावर मांडा. किती पैसे, किती महिने. शिक्षणात अधिकृत खंड घेऊन परत येता येतं का, हे विद्यापीठात विचारून घ्या. ‘सोडणं’ आणि ‘थांबवणं’ यांत फार फरक आहे. प्रकल्प विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाला असेल तर त्याच्या हक्कांबाबत विद्यापीठाचे नियम काय आहेत, तेही आधी वाचा.

आणि त्या चौघांना आजच, मैत्री घट्ट असताना, लिहून काढायला सांगा : कुणाचा वाटा किती, आणि एक जण सोडून गेला तर त्याच्या वाट्याचं काय? आम्ही तिघींनी सगळं तोंडी, समसमान ठेवलं होतं. एकीला दुसरीकडे नोकरी लागली तेव्हा छपाईच्या चौकटी माझ्या घरी होत्या, हिशेबाची वही तिच्या घरी आणि गिऱ्हाइकांचे पत्ते तिसरीच्या डोक्यात. भांडण असं झालंच नाही. कुणी कुणाला फोन केला नाही, एवढंच.

प्रश्न : मी गटात बोलत नाही. सुचतं, पण तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. उद्योजकतेच्या तासाला सर म्हणतात, बोलता आलं पाहिजे. मग हे क्षेत्र माझं नाहीच का?
– मागच्या बाकावरून

उत्तर : २०१० मध्ये ६९९ माणसांना लहान लहान गटांत बसवून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गटात सगळ्यांत हुशार कोण आहे, यावरून गटाची कामगिरी फारशी सांगता येत नव्हती. बोलण्याची पाळी सगळ्यांना साधारण सारखी मिळते का आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणारी माणसं गटात किती, यावरून जास्त सांगता येत होती. एकच जण बोलत सुटला की गट मार खात होता. हे सरांना दाखवायला हरकत नाही, पण जरा जपून.

वर त्या शिक्षकांना लिहिलेला ‘आधी दहा मिनिटं लिहा’ हा उपाय तू स्वतःच गटात सुचव. तेवढं एक वाक्य बोलावं लागेल. लोकांच्या मुलाखती घ्यायचं कामही मागून घे. माझ्या वर्गात सगळ्यांत चांगल्या मुलाखती अबोल मुलामुलींनीच आणल्या. समोरचा थांबला की बडबडी पोरं लगेच पुढचा प्रश्न टाकतात. अबोल पोरं गप्प बसतात, आणि मग समोरचा माणूस अवघडून खरं काय ते सांगून टाकतो.

प्रश्न : आमचा नमुना चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी तुटला. सत्राला तीन आठवडे उरलेत. मार्गदर्शक म्हणतात, अहवालात ‘निष्कर्ष समाधानकारक’ लिहून टाका, कोण बघतंय. काय करावं?
– चार जण आणि एक तुटकी पट्टी

उत्तर : लिहू नका. बाहेरचा परीक्षक ‘दाखवा’ म्हणाला तर काय दाखवाल? मार्गदर्शकांशी वाद घालण्याची गरज नाही, फक्त दुसरं पान लिहून त्यांच्यापुढे ठेवा.

१९६८ मध्ये थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांच्याकडून एक गोंद तयार झाला, जो धड चिकटत नव्हता. चिकटायचा आणि सहज निघायचा. त्यांनी तो लपवला नाही. ‘याचं काही करता येईल का?’ असं ते कंपनीतल्या लोकांना वर्षानुवर्षं विचारत फिरले. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना चर्चमध्ये गाताना प्रार्थनेच्या पुस्तकातून निसटणाऱ्या खुणेच्या चिठ्ठ्यांवरून तो गोंद आठवला. अमेरिकाभर चिकटचिठ्ठ्या विकायला आल्या १९८० मध्ये. सिल्व्हर यांनी ‘समाधानकारक’ लिहून फाइल बंद केली असती तर फ्राय यांना आठवायला काही उरलंच नसतं. तुमच्या पट्टीचं असं काही होईल असा माझा दावा नाही.

तीन आठवड्यांत एवढं जमतं : पट्टी नेमकी कुठे तुटली त्याचा जवळून फोटो, किती वेळा वाकवल्यावर तुटली तो आकडा, आणि वेगळ्या जाडीच्या दोन पट्ट्या त्याच पद्धतीने वाकवून त्यांचे आकडे. हे परिशिष्टात टाकू नका, अहवालाच्या पहिल्या पानावर घ्या. तोंडी परीक्षेला तुटके तुकडे डब्यात घालून न्या. डबा मात्र सहज उघडणारा बघा.